स्प्रिंग बसते तेव्हा

१९४५ साली दुसरे महायुद्ध संपले आणि अमेरिकी सैन्याने आपल्या नेहमीच्या पिस्तुलाची, म्हणजे कोल्ट १९११ए१ची, नवी खरेदी थांबवली. कोठारे भरलेली होती, गरजच नव्हती. दोन्ही महायुद्धे धरून सरकारसाठी अशी सुमारे २७ लाख पिस्तुले बनली होती. पुढे कोरिया झाले, व्हिएतनाम झाले, तरी १९८५ साली बेरेटा कंपनीचे ९ मिलिमीटरचे पिस्तूल स्वीकारले जाईपर्यंत शिपायांच्या कमरेला तीच जुनी पिस्तुले होती. १९७५ साली भरती झालेल्या पोराला मिळालेले पिस्तूल वयाने त्याच्यापेक्षा मोठे असे. काहींची तर चौकट पहिल्या महायुद्धातली, वरची स्लाइड दुसऱ्यातली आणि बाकीचे भाग कुठकुठल्या पेटीतले.

या शेवटच्या काळात त्या पिस्तुलाचे नाव बरेच खराब झाले. हलवले की खडखडते, नेम धरत नाही, अडकते, अशा तक्रारी होत्या. १९७८ ते १९८० या काळात अमेरिकी हवाई दलाने फ्लोरिडातील एग्लिन तळावर नव्या ९ मिलिमीटर पिस्तुलांच्या चाचण्या घेतल्या. तुलनेसाठी सोबत जुनी १९११ए१ ठेवली होती आणि ती नव्यांच्या मानाने फार खाली राहिली. निर्णय बदलण्यामागे नाटो राष्ट्रांमध्ये एकच काडतूस असावे हे मोठे कारण होते, ते बाजूला ठेवता येत नाही. पण ‘जुने पिस्तूल मुळातच बेभरवशाचे’ हा जो समज त्या वेळी पसरला, तो मला नेहमी अर्धवट वाटत आला आहे. चाचणी झाली ती १९११ सालच्या आराखड्याची, की तीस-पस्तीस वर्षे वापरलेल्या स्प्रिंगांची? सगळा दोष स्प्रिंगांचा होता असे मी म्हणणार नाही. नळी झिजते, खोबणी झिजतात, मॅगझिनचे ओठ वाकतात. परंतु या सगळ्यांत सर्वांत स्वस्त, सर्वांत लवकर थकणारा आणि सर्वांत कमी लक्ष दिला जाणारा भाग स्प्रिंग हाच आहे. ती कधी बदलावी, या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळायला फार काळ लागला, आणि ते उत्तर पिस्तुलाच्या कारखान्यांतून आलेच नाही. रेल्वेच्या आसांवरून आणि मोटारींच्या इंजिनांवरून ते आले. ती हकिकत सांगण्यासारखी आहे.

आधी शब्दाविषयी थोडे. जुन्या मराठीत स्प्रिंगला कमान म्हणत. घड्याळाची कमान तुटली, असे आपले आजोबा म्हणत. ट्रकच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगांना आजही पाटे म्हणतात. आणि गॅरेजमधला मिस्त्री स्प्रिंग मऊ पडली की ‘बसली’ म्हणतो. तुटणे वेगळे आणि बसणे वेगळे, हा भेद त्याच्या बोलण्यात पक्का असतो. इंग्रजी पुस्तके वाचून मला जे समजायला वेळ लागला, ते या एका क्रियापदात आधीच होते. पुढे या दोन्हींची वारंवार गरज पडेल.

अर्धस्वयंचलित पिस्तुलात स्प्रिंग नेमके काय करते? काडतूस फुटते, गोळी नळीतून पुढे जाते आणि त्याच धक्क्याने वरची स्लाइड मागे सरकते. मागे जाताना ती रिकामे कवच ओढून बाहेर फेकते, घोडा चढवते आणि नळीखालची मुख्य स्प्रिंग दाबते. मागे जाणे संपले की दबलेली स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते. स्लाइड मॅगझिनमधले वरचे काडतूस पुढे लोटत नळीच्या घरात बसवते आणि बंद होते. म्हणजे ही एकच स्प्रिंग जाताना ब्रेक असते आणि येताना हात. ब्रेक कमी पडला तर स्लाइड चौकटीवर आपटते. हात कमी पडला तर शेवटचा पाव इंच राहून जातो आणि पिस्तूल अर्धवट उघडे अडकते. रिव्हॉल्व्हरमध्ये हे काम माणसाचे बोट करते, म्हणून तिथे थकलेल्या स्प्रिंगने फार तर चाप हलका होतो किंवा टोपी फुटत नाही. चाक पुढे फिरवून दुसरी गोळी झाडता येते. स्वयंभरणाचे पिस्तूल आले तेव्हा सगळा भार तारेच्या एका वेटोळ्यावर आला.

ह्यूगो बोर्शार्ट हा माग्डेबुर्गचा माणूस. अमेरिकेत जाऊन त्याने शिवणयंत्रांच्या सिंगर कंपनीत आणि बंदुकांच्या शार्प्स, विंचेस्टर कारखान्यांत काम केले, मग बुडापेस्ट, मग बर्लिन. त्याचे १८९३चे पिस्तूल लुडविग लोवे कंपनीने बाजारात आणले. त्यात मागच्या फुगीर डब्यात घड्याळात असते तशा पट्टीची गुंडाळलेली स्प्रिंग होती. पिस्तूल चालत असे, पण बोजड. मागचा तो डबा मुठीच्या कितीतरी मागे लोंबत असे. त्याच कंपनीतल्या गेओर्ग लुगरने ते आटोपशीर केले आणि स्प्रिंग मुठीत नेली. स्वित्झर्लंडने १९०० साली ते सैन्यासाठी स्वीकारले. त्या पहिल्या लुगरमध्ये चपटी पात्यासारखी स्प्रिंग होती. १९०६च्या नव्या नमुन्यात ती काढून गोल तारेचे वेटोळे बसवले गेले, आणि १९०८ साली जर्मन सैन्याने घेतले ते हे वेटोळ्याचे पिस्तूल. पाते ते वेटोळे हा बदल पुस्तकांत एका ओळीत उरकलेला असतो. पण पात्याचा सगळा ताण मुळाशी एका जागी येतो, तर वेटोळ्यात तोच ताण तारेच्या सबंध लांबीवर वाटला जातो. वेटोळे हळूहळू मऊ पडते. पाते एके दिवशी तुटते. सैनिकाच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

जॉन मोझेस ब्राउनिंग हा अमेरिकेतल्या युटा प्रांतातील ऑग्डेनचा. त्याचे बेल्जियममध्ये बनलेले १९००चे पिस्तूल याच काळातले. त्यात नळीच्या वर एकच स्प्रिंग होती आणि ती दोन कामे करी: स्लाइड परत आणणे आणि टोपीवर आघात करणारा खिळा पुढे फेकणे. कल्पना सुंदर, भाग कमी. पण स्प्रिंग थकली की दोन्ही कामे एकदमच थकणार. आपल्या पुढच्या पिस्तुलांत ब्राउनिंगने ही कामे वेगळी केली.

मार्च १९११मध्ये अमेरिकी सैन्याच्या मंडळापुढे त्याच्या कोल्ट पिस्तुलाची आणि सॅव्हेज कंपनीच्या पिस्तुलाची अखेरची चाचणी झाली. प्रत्येकातून ६,००० गोळ्या झाडायच्या होत्या. दर शंभर गोळ्यांनंतर पिस्तूल निवू द्यायचे, दर हजारानंतर साफ करून तेल द्यायचे. फारच तापले तर पाण्याच्या बादलीत बुडवत, असे सांगतात. सॅव्हेज ३७ वेळा अडखळले. कोल्ट एकदाही नाही. २९ मार्च १९११ रोजी कोल्ट स्वीकारले गेले. ही गोष्ट पिस्तुलांच्या प्रत्येक पुस्तकात आहे आणि ती योग्यच अभिमानाने सांगितली जाते. मला तिच्यात एक गोष्ट खटकते. ती चाचणी कोऱ्या पिस्तुलाची, दोन दिवसांची होती. ६,००० गोळ्यांनंतर त्या स्प्रिंगेचे काय झाले होते, हा प्रश्न मंडळापुढे नव्हता. १९११च्या मंडळाला दोषही देता येत नाही, कारण तेव्हा स्प्रिंगेचे वय मोजायचे कशात, हेच कारखान्यांना नीट ठाऊक नव्हते.

स्प्रिंगेचा मूळ नियम मात्र फार जुना. लंडनच्या रॉबर्ट हुकने १६७६ साली तो चौदा लॅटिन अक्षरांच्या कोड्यात लपवून छापला, कोणी चोरू नये म्हणून, आणि १६७८ साली कोडे उलगडून दाखवले: जितके ताणाल किंवा दाबाल तितके बळ. दुप्पट दाबले तर दुप्पट बळ. हुकचा नियम स्प्रिंग आज काय करेल ते सांगतो. दहा हजार वेळा दाबल्यावर काय करेल, याविषयी तो गप्प आहे.

ते बोलायला भाग पाडले एका अपघाताने. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या पहिल्या इंजिनाचा आस तुटला. मागचे डबे एकमेकांवर चढले, आग लागली, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे डब्यांना बाहेरून कुलपे असल्यामुळे माणसे आत अडकली. पन्नासावर माणसे मेली. त्यांत दक्षिण ध्रुवाकडच्या सफरींसाठी प्रसिद्ध असलेला दर्यावर्दी द्युमाँ द्युर्व्हिल सहकुटुंब होता. आस चांगल्या लोखंडाचा होता आणि रोज तेवढेच ओझे वाहत होता. मग तो त्याच दिवशी का तुटला? जर्मन रेल्वेतील इंजिनिअर आउगुस्ट व्योलर याने पुढच्या दशकांत याचे उत्तर शोधले. आसाचे नमुने यंत्रावर लावून तो ते लक्षावधी वेळा फिरवत राहिला. १८७०पर्यंत त्याने दाखवून दिले की एका झटक्यात जे ओझे काहीच करत नाही, तेच लाखो वेळा आलटून पालटून दिले तर पोलाद तोडते. ओझे किती, यापेक्षा ते किती ते किती दरम्यान बदलते, हे महत्त्वाचे असते. आणि एका मर्यादेखाली ठेवले तर पोलाद जवळपास कायम टिकते. धातूचे वय वर्षांत नव्हे, हेलकाव्यांत मोजायचे, हे इथे प्रथम कळले.

स्प्रिंगेची तार मात्र वेगळ्या वाटेने सुधारत होती. बर्मिंगहॅमच्या जेम्स हॉर्सफॉलने १८५४ साली तार तापवून ठरावीक रीतीने निववायची आणि मग थंडच ओढून बारीक करायची, अशा पद्धतीचे पेटंट घेतले. ही तार पियानोसाठी वापरत, म्हणून इंग्रजीत तिला आजही संगीताची तार म्हणतात. १८६६च्या अटलांटिकपार तारायंत्राच्या केबलला याच कारखान्याच्या तारेचे कवच होते. पुढे पिस्तुलांत बहुतांशी वापरली गेली ती याच जातीची तार. पियानो, समुद्रतळाची केबल आणि कमरेचे पिस्तूल यांचा असा संबंध असेल, हे मला स्वतःला शोधताना सापडले तेव्हा दोन दिवस दुसरे काही सुचले नव्हते.

वेटोळ्याचा ताण नीट मोजता आला तो त्याहून उशिरा. ए. एम. वाल या वेस्टिंगहाउस कंपनीतील इंजिनिअरने १९२९ साली दाखवले की वेटोळ्याच्या तारेत आतल्या बाजूचा ताण नेहमीच्या सूत्राने येतो त्यापेक्षा बराच जास्त असतो, कारण वळणाच्या आतल्या अंगाची लांबी कमी असते. त्याने दिलेला सुधारणेचा गुणक आजही वापरतात. त्याच्याच पुढच्या दशकात मोटारींच्या इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांनी कारखानदारांची झोप उडवली होती. त्या मिनिटाला हजारो वेळा दबतात आणि तुटतात. त्यांच्यावर पोलादाच्या बारीक गोळ्यांचा मारा केला तर पृष्ठभाग आतून दाबला जातो, तडा उघडत नाही आणि आयुष्य कितीतरी वाढते, हे दाखवून देणाऱ्यांत स्प्रिंग कारखान्यातला एफ. पी. झिमर्ली प्रमुख होता. त्याचे काम १९४०च्या सुमारास प्रसिद्ध झाले. म्हणजे १९११चे पिस्तूल सैन्यात येऊन तीस वर्षे होईपर्यंत त्याच्या स्प्रिंगेविषयी बोलायची भाषाच पुरती तयार नव्हती.

आता ही भाषा त्या पिस्तुलाला लावून पाहू. पाच इंची नळीच्या १९११ची मुख्य स्प्रिंग मोकळी असताना साधारण साडेसहा इंच लांब असते. तिला ‘१६ पौंडांची’ म्हणतात. याचा अर्थ स्लाइड पूर्ण मागे गेल्यावर ती १६ पौंडांनी ढकलते. स्लाइड बंद असताना ती त्याच्या निम्म्याच्या थोड्या वर, नऊएक पौंड ढकलत असते. समजा, पुष्कळ वापराने ही स्प्रिंग अर्धा इंच आखूड झाली. मिस्त्रीच्या भाषेत बसली. तारेचा कडकपणा तोच राहतो. इंचाला साधारण सव्वातीन पौंड. पण सुरुवातच अर्धा इंच पुढून होते, म्हणून प्रत्येक ठिकाणी दीडपावणेदोन पौंड कमी पडतात. उघड्या स्थितीत १६ पैकी १.६, म्हणजे दहा टक्के. बंद स्थितीत मात्र नऊपैकी तेवढेच, म्हणजे अठरा टक्के. तूट नेमकी तिथे जास्त जाणवते जिथे बळ आधीच कमी असते: काडतूस घरात बसवून स्लाइड कुलूपबंद करण्याच्या शेवटच्या क्षणी. म्हणून बसलेल्या स्प्रिंगेचे पिस्तूल बहुतेक वेळा ‘शेवटचे थोडेसे’ न मिटता अडकते, आणि वापरणारा काडतुसाला, तेलाला किंवा घाणीला दोष देतो. हुकच्या नियमानेच हे सांगता येते, फक्त ते कुणी कागदावर मांडायला हवे.

दुसऱ्या बाजूची खूणही ठरलेली आहे. रिकामी कवचे पूर्वी पडत त्यापेक्षा बरीच लांब जाऊन पडू लागली, की समजावे ब्रेक ढिला झाला आहे. तेवढ्या वेळात स्लाइड चौकटीवर आपटत असते आणि ते नुकसान स्प्रिंग बदलून भरून येत नाही. अमेरिकेत यावर काही जणांनी उपाय काढला, जास्त कडक स्प्रिंग बसवायची. १९७०-८०च्या दशकांत ती एक फॅशनच झाली होती, सोबत प्लॅस्टिकची चकतीही घालत. कडक स्प्रिंगेने स्लाइड पूर्ण मागे जात नाही, कवच नीट फेकले जात नाही, आणि पुढे येताना स्लाइड इतक्या जोराने येते की मॅगझिनमधून काडतूस वर यायच्या आतच पुढे निघून जाते. हवी होती ती कडक स्प्रिंग नव्हे, नवी स्प्रिंग.

किती गोळ्यांनंतर? पाच इंची पिस्तुलाच्या साध्या गोल तारेच्या मुख्य स्प्रिंगेसाठी जाणकारांत रूढ झालेला आकडा दोन ते तीन हजार गोळ्यांचा आहे. नळी आखूड झाली की हा आकडा कोसळतो. कोल्टचे १९४९-५०चे कमांडर सव्वाचार इंची होते. अमेरिकी सैन्याने १९७२ साली आपल्या जनरल लोकांसाठी रॉक आयलंड शस्त्रागारात जुन्या साठ्यातूनच कापून आखूड पिस्तूल केले, आणि कोल्टने १९८५ साली साडेतीन इंची बाजारात आणले. काडतूस तेच, धक्का तोच, पण दाबायला जागा कमी आणि थांबायला अंतर कमी. त्यामुळे तारेच्या प्रत्येक वळशावर ताण चढतो. अशा पिस्तुलात मुख्य स्प्रिंग काहीशे ते हजार गोळ्यांतच बदलावी लागते. खिशातले आखूड पिस्तूल घेणाऱ्याला दुकानदार हे क्वचितच सांगतो. अलीकडे चपट्या तारेच्या आणि एकात एक बसणाऱ्या दुहेरी स्प्रिंगा आल्या. त्या बऱ्याच जास्त टिकतात.

नवी स्प्रिंग बसवल्यावर पहिल्या काही गोळ्यांत ती थोडी आखूड होते आणि मग तिथेच थांबते. त्याने घाबरून जायचे कारण नाही. चांगला कारखाना तर ती पाठवण्याआधीच एकदोनदा पूर्ण दाबून मुद्दाम बसवून घेतो. नंतर जी हळूहळू घट चालू राहते, ती खरी झीज.

मॅगझिनच्या स्प्रिंगेविषयी एक समज इतका घट्ट आहे की त्याच्याविरुद्ध बोलायला मला अजून संकोच वाटतो. भरलेले मॅगझिन वर्षानुवर्षे ठेवले की स्प्रिंग मरते, म्हणून आठवड्याला रिकामे करून ‘विश्रांती’ द्यावी, असे निवृत्त शिपायांपासून सगळे सांगतात. व्योलरचे आसही स्थिर ओझ्याने तुटत नव्हते. फिरण्याने तुटत होते. नेहमीच्या तापमानाला, मर्यादेच्या आत दाबून ठेवलेले पोलाद जवळपास तसेच राहते. आठवड्याला भरणे-उपसणे हे मात्र हेलकावे आहेत. विश्रांतीच्या नावाखाली स्प्रिंग जास्त राबवली जाते. अपवाद आहे तो जास्त काडतुसांच्या दुहेरी रांगेच्या मॅगझिनांचा. तिथे जागा वाचवण्यासाठी स्प्रिंग मर्यादेच्या अगदी काठाशी दाबलेली असते आणि ती पडून राहूनही थोडी बसते. मॅगझिनची स्प्रिंग थकल्याची खूण सोपी: शेवटचे एकदोन काडतुसे नीट वर येत नाहीत, किंवा शेवटची गोळी झाडल्यावर स्लाइड मागे अडकून राहत नाही.

इथपर्यंत बोललो ते अडकण्याविषयी. याहून गंभीर आहेत त्या दोन लहान स्प्रिंगा, ज्यांना कोणी मोजतच नाही. पहिली, टोपीवर आघात करणाऱ्या खिळ्याची. १९११मध्ये हा खिळा आपल्या वेगाने पुढे जाऊन टोपी फोडतो आणि बारीक स्प्रिंग त्याला मागे धरून ठेवते. भरलेले पिस्तूल नळीच्या तोंडावर उंचावरून पडले, तर खिळा स्वतःच्या वजनाने पुढे जाऊ शकतो. त्याला अडवायला तेव्हा तीच एक स्प्रिंग असते. कोल्टने १९८३च्या सुमारास खिळ्याला वेगळा अडसर घातला, पण त्याआधीची लाखो पिस्तुले त्या एका बारीक तारेच्या भरवशावर होती. दुसरी, मुठीच्या आतले तीन पात्यांचे चपटे पोलाद. त्यातले एक पाते घोड्याला अडवणाऱ्या खटक्यावर दाब देते. ते मऊ पडले तर स्लाइड बंद होताना घोडा तिच्यामागोमाग खाली येतो. कधी अर्ध्यावर अडकतो, कधी नाही. चाप एकदा दाबून दोन गोळ्या सुटण्याचे प्रकार इथून होतात. हे पाते पक्कडीने वाकवून ‘नीट’ करणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने मुळाशी तडा जातो. अशी गोष्ट जाणकाराच्या हातीच द्यावी, आणि आपल्याकडे तर १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो.

आपल्याकडचा विषय निघालाच आहे तर थोडे. भारतीय सैन्याचे आणि पोलिसांचे ९ मिलिमीटरचे ‘पिस्तूल ऑटो १ए’ हे ईशापूरच्या रायफल कारखान्यात बनते, आणि त्याचे मूळही ब्राउनिंगच आहे. ब्राउनिंग २६ नोव्हेंबर १९२६ रोजी बेल्जियममधील एर्स्ताल इथे, कारखान्यातच वारला. त्याचे अपुरे पिस्तूल द्यूदोने सेव्ह याने पुरे केले आणि ते १९३५ साली हाय पॉवर नावाने आले. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातील टोरांटोच्या इंग्लिस कंपनीने ते बनवले. ईशापूरचे पिस्तूल या इंग्लिसच्या नमुन्यावरचे. या पिस्तुलाला मोजणीचा प्रश्न वेगळ्या रूपात लागू होतो. पोलिसाच्या कमरेचे पिस्तूल वर्षानुवर्षे बाळगले जाते, झाडले मात्र क्वचित जाते. त्याच्या गोळ्यांची मोजणी केली तर मुख्य स्प्रिंग तरुणच निघेल. पण ड्यूटीवर जाताना आणि येताना स्लाइड ओढून पाहण्याची रीत असते, तिथे प्रत्येक ओढणे हाही हेलकावाच, जरी गोळीच्या धक्क्याइतका जोरकस नसला तरी. शिवाय आपल्या पावसाळ्यात कमरेच्या घामाने तारेला गंज चढतो. गंजाचा बारीक खड्डा म्हणजे तड्याची सुरुवात, आणि तिथून स्प्रिंग बसत नाही, तुटते. म्हणून तेलाचे बोट फिरवताना तार उजेडात धरून पाहावी. तांबूस ठिपका दिसला तर गोळ्यांचा आकडा न पाहता ती बदलावी.

आता पुन्हा त्या जुन्या अमेरिकी पिस्तुलांकडे. १९८५मध्ये सैन्याने ती निवृत्त केली, तेव्हाच मरीन दलाच्या एका खास तुकडीला ०.४५ इंची पिस्तूलच हवे होते. नवे विकत घेण्याऐवजी व्हर्जिनियातील क्वांटिको इथल्या शस्त्रकारागिरांनी कोठारातल्या १९११ए१च्या जुन्या, म्हणजे १९४५च्या आधीच्याच, चौकटी निवडून काढल्या आणि त्यांवर नव्या नळ्या, नव्या स्लाइडा, नव्या स्प्रिंगा चढवून हातांनी पिस्तुले बांधली. ज्या चौकटींना बाद ठरवले होते, त्याच चौकटी. हे शिपाई सरावात हजारो गोळ्या झाडत. साधारण १०,००० गोळ्या झाल्या की पिस्तूल क्वांटिकोला परत यायचे, पुन्हा उघडले जायचे आणि झिजलेले भाग बदलून परत जायचे. एकेक चौकट अशी कित्येकदा गेली आणि आली, आणि ही पिस्तुले एकविसाव्या शतकातही वापरात राहिली.

शस्त्रकारागीर वापरतात ती स्प्रिंग तपासायची रीत मात्र कुठल्याही यंत्राशिवाय होते. नव्या स्प्रिंगांच्या पाकिटातली एक बाजूला ठेवायची, ती कधीच पिस्तुलात घालायची नाही. जुनी काढली की टेबलावर तिच्याशेजारी आडवी मांडायची आणि टोकाशी टोक जुळवून दुसऱ्या टोकाचा फरक पाहायचा. फरक अर्ध्या इंचाजवळ गेला की जुनी वाकवून टाकायची, म्हणजे चुकून कोणी परत बसवणार नाही, आणि वहीत त्या पिस्तुलाच्या क्रमांकापुढे तारीख व गोळ्यांचा आकडा लिहायचा.